दाणा आणि दाना

पोराच्या नाकात हरभरा गेला तर तो काढायला मला अर्धं मिनिट लागतं. त्याआधी पोराच्या आईला गप्प करायला वीस मिनिटं लागतात, आणि सोबत आजी असेल तर विचारूच नका. आजी आल्या आल्या सांगते, "ह्याचा बापही असाच होता." मग बाप आपल्या नाकावरून हात फिरवतो आणि खिडकीबाहेर बघतो.

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. हैदराबादेत काचीगुड्याला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना. आता आठवड्यातून तीनच सकाळी जातो, जुने पेशंट बघतो आणि यादगिरीशी भांडतो. यादगिरी म्हणजे माझा कंपाउंडर. दवाखाना उघडला त्या दिवसापासून तो माझ्याकडे आहे आणि माझ्यापेक्षा स्वतःला मोठा डॉक्टर समजतो. पुष्कळदा तो बरोबर असतो, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

लोकांना वाटतं, डॉक्टरच्या आठवणी म्हणजे मोठमोठ्या ऑपरेशनच्या. तीही केली, नाही असं नाही. पण माझ्या हातून सगळ्यात जास्त काय निघालं असेल तर दाणे. हरभरे, वाटाणे, मूग, चवळी, शेंगदाणे, तूर, कुळीथ. एखादं किराणा दुकान चाललं असतं. पोरांना दोन-अडीच वर्षांच्या वयात एक शोध लागतो की आपल्या तोंडावर भोकं आहेत आणि घरातल्या डब्यातले दाणे नेमके त्या मापाचे आहेत. पुढचं काम ती अतिशय मन लावून करतात.

एक पोरगा आणला होता, चार वर्षांचा. अंगाला वास येतो अशी तक्रार. आईबापांनी त्याचा साबण बदलला, टूथपेस्ट बदलली, पोटाचं औषध दिलं, दृष्ट काढली. शाळेत कोणी त्याच्याजवळ बसेना. पोरगं बिचारं खाली मान घालून बसलेलं. मी विचारलं, "नाक एकाच बाजूनं वाहतं का?" आई म्हणाली, "हो, डाव्या." एकाच बाजूनं वाहणारं आणि घाण येणारं नाक म्हणजे आत काहीतरी आहे, हा आमच्या धंद्यातला पहिला पाठ. वाटाणा निघाला. किती दिवसांचा होता देव जाणे. पोरानं एक लांब श्वास घेतला, आईकडे बघितलं आणि म्हणाला, "आता बसतील?" कोण बसतील ते त्यानं सांगितलं नाही, पण मला समजलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी कपाळावरच्या आरशाचा पट्टा नीट करायच्या मिषानं पुसलं.

आणि एक निवृत्त इंजिनिअर. दुपारी झोपले असताना नातवानं त्यांच्या कानात मूग टाकला. त्यांच्या पत्नीनं आधी कोमट तेल घातलं, मग तेल निघावं म्हणून पाणी, मग पाणी निघावं म्हणून पुन्हा तेल. दोन दिवसांनी गृहस्थ ओरडतच जिना चढले. मी मूग काढला तर त्याला चक्क मोड आलेला. यादगिरी ट्रेमध्ये डोकावून म्हणाला, "साब, और एक दिन रुकते तो उसळ हो जाती." गृहस्थ एवढे चिडले की पुढच्या वेळी पत्नीला घेऊन आले आणि म्हणाले, हिला समजावून सांगा.

तर समजावून सांगतो. कानात, नाकात कडधान्य गेलं की पाणी घालायचं नाही. दाणा पाणी पितो, फुगतो आणि घट्ट बसतो. नाकात आणि कानात हा वैताग असतो. श्वासनळीत हाच जिवाशी खेळ होतो.

नाका-कानातून काढलेला प्रत्येक दाणा मी छोट्या बाटलीत ठेवायचो. कोठीच्या बाजारात सर्जिकल सामानाच्या दुकानात पेनिसिलिनच्या बाटल्यांएवढ्या रिकाम्या बाटल्या मिळत. चिठ्ठी लावायची: मुलाचं वय, उजवं की डावं, आणि 'चना' किंवा 'बीन'. भिंतीवरच्या कपाटात त्यांच्या रांगा होत्या. आईबापांना धाक बसावा हा हेतू. खरं सांगायचं तर थोडी मिरवायची हौसही होती.

हे कपाट एक दिवस विमलताई बिदरकरांनी बघितलं.

विमलताई विद्यानगरला राहतात. आमच्यासारखंच त्यांचंही घराणं जुन्या निजामी मुलखातलं, बिदरकडचं. मराठी बोलता बोलता मध्येच 'हो'ला "हौ" म्हणणाऱ्यांपैकी. शहराबाहेर कडधान्यांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत त्यांनी आयुष्य काढलं. काम काय, तर गावोगाव हिंडून कडधान्यांचे जुने वाण गोळा करायचे. कुणाच्या परसात चार वेल, कुणाच्या बांधावर मूठभर तूर, ते बी आणायचं, वाळवायचं, नाव लिहायचं आणि थंड खोलीत जपून ठेवायचं. उद्या एखादा रोग आला, पाऊस हटला, तर त्या मूठभरातलं एखादं कामी येईल म्हणून. मळणीच्या शेडमधला भुसा आणि थंड खोलीतून उन्हात, उन्हातून थंड खोलीत, असं वर्षानुवर्षं. निवृत्तीपर्यंत त्यांचं नाक पार गेलं होतं.

"डॉक्टर, मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "पूर्वी पोतं उघडलं की आत भुंगा लागलाय का नाही हे मी नुसतं वासानं सांगायची. आता हिंगसुद्धा डबा नाकाला लावला तर येतो."

मी नाकातले मांसाचे कोंब काढले, औषधं दिली, जे जे येतं ते सगळं केलं. श्वास मोकळा झाला. वास आला नाही. आधी सात-आठ वर्षं कुणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवायला हवं होतं, आणि संस्थेतल्या बाकीच्यांनाही. मी तसं म्हणालो तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "आम्ही बियांना मास्क घालायचो हो, स्वतःला नाही." मला मात्र हसू आलं नाही.

पण मी कपाटाबद्दल सांगत होतो. खुर्चीतून उठल्या त्या थेट कपाटाशी. पर्समधून भिंग काढलं. माझ्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत गेल्या आणि एकेकीवर 'च्' करत गेल्या.

"हा चना नाही, ही लाख आहे, लाखोळी. हा बीन म्हणजे काय? बीन म्हणून कुठलं धान्य नसतं. ही चवळी. हा वाल. हाही वाल, पण दुसरा. हे कुणी लिहिलं?"

"मी."

"आमच्याकडे तुम्हाला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं."

त्यांचा एक नियम होता आणि तो त्या मला नंतर अनेकदा ऐकवत. गावात बी घेताना त्या बाईनं जे नाव सांगितलं तेच, तिच्या उच्चारात, लिहायचं. आपल्याला वाटलं ते नाही. एका गावात 'अनुमुलु' म्हणतात त्याला पलीकडच्या गावात आणखी काही, आपल्याकडे वाल. आणि एकच नाव दोन गावांत दोन वेगळ्या दाण्यांना असतं. "समजलं नाही तर पुन्हा विचारायचं. दाखव म्हणायचं. आपण शहाणपणा केला की बियाणं चुकलंच म्हणून समजा."

मग आम्हा दोघा म्हाताऱ्यांना एक खूळ लागलं. कुठला दाणा किती वेळात किती फुगतो, हे आपण मोजून बघावं. विमलताईंच्या स्वयंपाकघरात पोळ्यांच्या डब्यांमध्ये वाट्या ठेवल्या, वाट्यांत शरीराएवढं कोमट मिठाचं पाणी, आणि त्यात एकेका वाणाचे दाणे. दर तासाला मोजायचं. हरभऱ्यातही काय फरक! गावठी बारीक हरभरा सावकाश पितो, काबुली अधाशासारखा फुगतो. कुळीथ तर तसाच बसून राहतो, त्यातले गणंग दुसऱ्या दिवशीही दगड. शेंगदाणा फार फुगत नाही पण त्याचं तेल फुप्फुसाला चावतं. आणि वाल, त्यांचा लाडका वाल, भिजला की साल सुटते आणि आतली डाळिंबी बोटांतून सुळकन निसटते. ती दाबली की दोन फाका होतात. हे कुठल्याही मराठी गृहिणीला माहीत आहे. माझ्या पुस्तकांत नव्हतं.

त्याचा आम्ही निबंध लिहिला. डॉक्टरांच्या नियतकालिकानं कळवलं की हा विषय शेतीचा आहे. शेतीच्या नियतकालिकानं कळवलं की हा वैद्यकाचा आहे. विमलताईंनी दोन्ही पत्रं फ्रेम करून लावायला दिली. मी लावली नाहीत. त्यांनी केलेला तक्ता मात्र दवाखान्यात लावला: दाण्याचं नाव मराठीत, तेलुगूत, दखनीत, आणि पुढे भिजायला लागणारे तास. तेलुगू नावं यादगिरीनं तपासली आणि तीन ठिकाणी विमलताईंची चूक काढली. आठवडाभर तो हवेत होता.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. चार वर्षं झाली, पण अजून मी ते कुणाला नीट सांगितलेलं नाही.

मंगळवार होता. दवाखाना भरलेला. यादगिरीनं फोन माझ्या हातात दिला. पलीकडे एक तरुण बाई, घाबरलेली, पण सभ्यपणे बोलायचा प्रयत्न करणारी.

"डॉक्टर, मैं नेहा बोल रही हूँ, विद्यानगर से. मेरी बेटी के गले में दाना है, कल से. अढ़ाई साल की है. कल बहोत रोई, अभी ठीक है. थोड़ा खोकला आ रहा है."

इथे थोडं भाषेचं सांगायला हवं. आमच्या हैदराबादेत दाना म्हणजे पुळी, फोड. "मुँह पो दाने आ गए," "गले में दाने हो रए," असं दिवसातून दहा पेशंट म्हणतात. घसा आतून लाल, खरखरीत झाला की तेही दाने. मी आयुष्यभर तेच ऐकत आलो.

"बुखार है?"

"नहीं."

"खा-पी रही?"

"हाँ, थोड़ा थोड़ा."

"तो फिर डरने का नक्को. दाना दो-तीन दिन में बैठ जाता. कुनकुना पानी पिलाव, परसों लेके आव."

"बैठ जाता है ना?" तिनं पुन्हा विचारलं. "पक्का?"

"पक्का," मी म्हणालो आणि फोन ठेवला. पुढच्या पेशंटचा कान उघडला.

ती बाई पुण्याची होती. नवऱ्याची सॉफ्टवेअरमधली नोकरी, हैदराबादेत येऊन वर्ष झालेलं. ती मनातल्या मनात मराठीत बोलत होती आणि तोंडानं हिंदीत. दाणा. तिच्या लेखी दाणा घशात गेला होता. मी म्हणालो दाना बैठ जाता, म्हणजे पुळी बसते; तिला समजलं, दाणा खाली पोटात जाऊन बसतो. दोघंही मराठी, आणि दोघंही एकमेकांशी हिंदीत बोललो. ती तिचं हिंदी, मी माझं. 'खोकला' हा शब्दसुद्धा तिनं आख्खा मराठी वापरला होता हो! तो माझ्या कानावरून गेला. मी कानाचा डॉक्टर.

आणखी एक सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. श्वासनळीत दाणा गेला की पोरगं आधी गुदमरतं, काळंनिळं होतं, जिवाच्या आकांतानं खोकतं. मग दाणा एका बाजूच्या नळीत उतरतो आणि सगळं शांत होतं. पोरगं हसतं, खेळतं. आईला वाटतं, संपलं. ही शांतताच फसवी. आत दाणा पाणी पीत असतो.

गुरुवारी सकाळी मी आतल्या खोलीत हात धूत होतो. दार अर्धवट उघडं. बाहेर बाकावरून आवाज आला, कुणीतरी मोबाइलवर बोलत होतं:

"अगं आई, आलोय गं दवाखान्यात. दाणा गेला तेव्हापासून तिचं असंच आहे, रात्रीपासून छातीत शिट्टी वाजतेय…"

दाणा गेला. तो ण माझ्या कानात खिळ्यासारखा शिरला. मी ओल्या हातानंच बाहेर आलो.

"बाई, तुम्ही मराठी?"

तिनं फोन खाली घेतला. "हो… तुम्ही पण?"

"परवा फोन तुम्हीच केला होता? घशात दाणा?"

"हो. तुम्ही म्हणालात बसेल…"

मी बाकीचं ऐकलंच नाही. पोरगी तिच्या मांडीवर होती, सई नाव. गाल लाल, नाकपुड्या फुलत होत्या. मी स्टेथोस्कोप लावला. डाव्या बाजूला श्वास छान वाजत होता. उजव्या बाजूला काही नव्हतं. 

"कुठला दाणा?" मी विचारलं. "शेंगदाणा?"

"नाही. प्ले-स्कूलमध्ये हत्तीचं चित्र दिलं होतं, त्यावर दाणे चिकटवून आणले. घरी आल्यावर तिनं हत्तीचा डोळा उपटून तोंडात टाकला. मी बघितलं, पण हात जाईपर्यंत…" तिनं पोरीला सावरून घेतलं. "कुठला ते मला नाही माहीत. टीचर म्हणाल्या कुठलंतरी बीन्स."

यादगिरीनं मला न विचारता खालची रिक्षा थांबवली, हॉस्पिटलला फोन लावला, भुलीच्या डॉक्टरांना बोलावलं. मी ज्या मुलांच्या हॉस्पिटलात ऑपरेशनं करायचो ते जवळच होतं. एक्स-रे काढला. दाणा एक्स-रेत दिसत नाही, फुप्फुसाची हालत दिसते, आणि ती चांगली नव्हती.

नेहाच्या फोनवर प्ले-स्कूलच्या ग्रुपवर, चित्रं घरी द्यायच्या आधी काढलेला, भिंतीचा फोटो होता. बारा हत्ती ओळीनं. अंगाला मसूर, कानांना हरभऱ्याची डाळ, आणि डोळ्याच्या जागी एक काळा बारीक दाणा, वर पांढरी रेघ. तो फोटो मी विमलताईंना पाठवला. त्या लिहून उत्तर देत नाहीत, मिनिटात फोन आला.

"वाल आहे. काळा, बारीक जातीचा. ती पांढरी भुवई दिसली ना, दुसरं काही असूच शकत नाही. कुठं सापडला?"

"एका पोरीच्या फुप्फुसात. तीन दिवस झालेत."

 मग त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला. "तीन दिवस म्हणजे साल सुटली. चिमट्यानं धरू नका डॉक्टर. साल तेवढी हातात येईल, डाळिंबीच्या दोन फाका होतील आणि एक फाक…"

"दुसऱ्या फुप्फुसात."

"हौ."

दोन्ही नळ्या बंद झाल्या तर टेबलावर काही मिनिटं असतात. शेंगदाण्याच्या बाबतीत हे मला माहीत होतं. पण पुळी समजून दोन दिवस घालवल्यावर मी जी घाई आता करायला निघालो होतो, त्यात मी सवयीचा चिमटाच उचलला असता. नक्की उचलला असता. मी शेजारच्या थिएटरमध्ये मूतखड्याच्या डॉक्टरांकडे माणूस पाठवला. त्यांच्याकडे खडा धरायची तारेची बारीक जाळी असते. दाण्याच्या पलीकडे नेऊन उघडायची, मागे ओढायची, दाणा अलगद आत येतो. त्यांनी विचारलं, "तुम्हाला कशाला?" माणसानं सांगितलं, "साबको वाल पकडना है." त्यांनी दिली, हे त्यांचे उपकार.

पोरीला भूल दिली. घशातून धातूची नळी खाली उतरवली. उजवीकडे वळलो आणि दिसला. काळी साल सुरकुतून बाजूला झालेली, आत फिकी, टम्म फुगलेली डाळिंबी, नळीत गच्च. स्वयंपाकघरात, विमलताईंच्या वाटीत, मी हीच अवस्था बघितली होती आणि वर हसलोही होतो.  मी बोटं टेबलाच्या कडेला टेकवली आणि जाळी मागितली.

जाळी पलीकडे गेली. उघडली. ओढली. दाणा हलला. वर येता येता स्वरयंत्राशी अडकला. सगळ्या वाटेत तीच जागा सगळ्यात अरुंद. भुलीचे डॉक्टर म्हणाले, "सर, ऑक्सिजन उतरतोय." मी जाळी, दाणा आणि नळी एकदमच हलकेच फिरवली आणि बाहेर घेतली. जाळीत साल होती, डाळिंबी होती, दोन्ही फाका होत्या. मी त्या दोनदा मोजल्या. दोनच असतात हे माहीत असून मोजल्या. पुन्हा नळी घालून दोन्ही बाजू तपासल्या. काही राहिलं नव्हतं.

पोरगी तासाभरानं रडली. काय रडली! अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं. मी उजव्या बाजूला स्टेथोस्कोप लावला, आवाज होता. मग तो काढून नेहाच्या कानांना लावला. तिला काय ऐकायचं ते माहीत नव्हतं, तरी ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग तिनं तो काढला आणि एकदम खाली वाकली. मला समजायच्या आत तिचा हात माझ्या पायाला लागला होता.

"डॉक्टर, तुम्ही होतात म्हणून…"

तिथं गप्प बसता आलं असतं. दुसऱ्या कुणी असतं तर कदाचित मी बसलोही असतो. यादगिरी शेजारी उभा होता. त्याला सगळं माहीत होतं आणि तो जमिनीकडे बघत होता.

"उठा," मी म्हणालो. "पाया पडू नका. मंगळवारी तुम्ही मला बरोबर सांगितलं होतं. चूक माझी झाली. तुम्ही दाणा म्हणालात, मला पुळी ऐकू आली. इकडे दाना म्हणजे पुळी. मी एक प्रश्न जास्त विचारायला हवा होता, कुठला दाणा म्हणून. मी विचारला नाही."

 पोरीचं डोकं तिनं खांद्यावर घट्ट धरलं.

"म्हणजे परवाच आणायला सांगितलं असतंत तर…"

"परवाच निघाला असता. फुगायच्या आधी. सोपं गेलं असतं."

"आणि काल रात्री तिला काही झालं असतं तर?"

 "माफ करा," एवढंच म्हणालो. तिनं ते मान्य केलं की नाही, मला समजलं नाही. 'असू द्या' असं ती म्हणाली नाही आणि म्हणायलाही नको होतं. ती कितीतरी वेळ पोरीची पाठ चोळत बसली, उजवी बाजूच, पुन्हा पुन्हा. बाहेर नवरा आला होता, आत यायला धडपडत होता. यादगिरी त्याला बूट काढायला लावत होता.

मी दाराशी गेलो तेव्हा तिनं हाक मारली.

"डॉक्टर."

मी थांबलो.

"पुढच्या वेळी फोन केला," ती म्हणाली, "तर मराठीत बोलू ना?"